आकड्याआधी क्रियापद : बाकूतले पंधरा दिवस

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत, विमान खाली उतरू लागलं तेव्हा आधी कॅस्पियनचं राखाडी पाणी दिसलं, मग त्या पाण्यात पाय रोवून उभे असलेले लोखंडी मनोरे. शेजारी बसलेल्या दादांनी खिडकीकडे बोट केलं. "बघ, ज्याच्यावर बोलायला आलोय ते इथूनच निघतं."

दादा आमच्या गटातले सगळ्यांत अनुभवी. कोपनहेगनपासून, म्हणजे २००९ पासून, संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदांच्या वाटाघाटी मागच्या रांगेत बसून ऐकत आलेत. माझी ही पहिलीच परिषद. आम्ही दोघंही निरीक्षक. म्हणजे बऱ्याच खोल्यांत बसता येतं, पण बोलता येत नाही. आणि जिथे खरं काही ठरतं त्या खोल्यांची दारं बंदच असतात.

सामान टाकून दुपारी बीबी-हेबतला गेलो. शहराच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. १८४६ साली इथे यंत्राने तेलाची विहीर खोदली गेली, २१ मीटर खोल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची ती प्रसिद्ध विहीर यानंतर १३ वर्षांनी आली. विसावं शतक सुरू होताना जगातलं निम्म्याच्या वर तेल या एका द्वीपकल्पातून निघत होतं. नोबेल बंधूंची तेल कंपनी इथेच वाढली आणि पिंपांऐवजी जहाजाच्या टाक्यांतून तेल नेण्याचा त्यांचा प्रयोगही १८७८ मध्ये इथल्याच समुद्रात झाला. त्या पहिल्या विहिरीच्या जागी आता लाकडी मनोरा उभा करून ठेवलाय. भोवतीचे पंप मात्र स्मारक नव्हेत, ते चालू आहेत. मान खाली, मान वर. वारा थांबला की डांबराचा वास नाकात बसतो.

मी का आले ते इथेच लिहून ठेवते. २००९ मध्ये श्रीमंत देशांनी शब्द दिला होता की २०२० पर्यंत गरीब देशांना हवामानासाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळतील असं करू. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा. त्यातही सरकारी पैशांपैकी सुमारे ६९ टक्के रक्कम कर्जाऊ होती. १०० अब्जांच्या जागी नवं उद्दिष्ट २०२५ च्या आधी ठरवायचं, असं २०१५ च्या पॅरिस परिषदेत ठरलं होतं. तो निर्णय या पंधरवड्यात व्हायचाय. तेल, कोळसा, वायू सोडा असं जगाला सांगायचं तर सोडण्याचा खर्च कोण उचलणार हेही त्याच दमात सांगावं लागतं. मला ते ऐकायचं आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

परिषद ऑलिंपिक स्टेडियममध्ये आहे. मैदानाभोवती तात्पुरती दालनं, आणि त्यांच्यामधून जाणारे बिनखिडक्यांचे लांबच लांब बोळ. आत शिरलं की दिवस आहे की रात्र ते कळत नाही.

सकाळीच उद्घाटन झालं आणि लगेच कामकाज अडलं. विषयपत्रिकेवरूनच! भांडण वरवर पाहता कारकुनी वाटेल. दुबईतल्या मागच्या परिषदेत, २०२३ मध्ये, पहिल्यांदा एक वाक्य मंजूर झालं होतं : ऊर्जाव्यवस्थेत जीवाश्म इंधनांपासून न्याय्य, सुव्यवस्थित आणि समन्यायी रीतीने दूर जावं. त्या वाक्याचा पाठपुरावा कुठल्या विषयाखाली करायचा, फक्त पैशांच्या का सगळ्याच, यावर दिवसभर दारं बंद करून बोलणी चालली. पैशांपुरतं ठेवलं तर कोळसा-तेलाचा उल्लेख टाळता येतो, सगळ्यांत ठेवलं तर टाळता येत नाही. म्हणून एका ओळीच्या जागेसाठी एवढा वेळ.

दादांनी वहीच्या पहिल्या पानावर तीन शब्द लिहून दिले. "फेज-आउट म्हणजे संपवणं. फेज-डाऊन म्हणजे कमी करणं. ट्रान्झिशनिंग अवे म्हणजे दूर होत जाणं. २०२१ मध्ये ग्लासगोला कोळशासाठी पहिला शब्द होता, शेवटच्या घटकेला दुसरा झाला. भारत आणि चीनने आग्रह धरला होता. दुबईत तिसऱ्यावर जमलं. तू इथे आकडे ऐकशील खूप. पण आधी क्रियापद बघत जा."

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाचे प्रमुख सायमन स्टील बोलले. ते मूळचे ग्रेनाडातल्या कॅरियाकू बेटावरचे. जुलैमध्ये बेरिल वादळाने ते बेट उद्ध्वस्त केलं. शेजारच्या एका वृद्ध बाईंचा, पडलेल्या घरात काढलेला फोटो त्यांनी पडद्यावर दाखवला. हवामानासाठी दिलेला पैसा म्हणजे दानधर्म, ही कल्पना टाकून द्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आजच जागतिक हवामान संघटनेने जाहीर केलं की जानेवारी ते सप्टेंबर २०२४ मधलं सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीच्या मानाने सुमारे १.५४ अंशांनी जास्त आहे. पॅरिस करारातली १.५ अंशांची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे ती ओलांडली असं अजून म्हणता येत नाही. पण या वाक्यातलं 'अजून' लिहिताना हात थांबला.

विषयपत्रिका रात्री उशिरा मंजूर झाली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

यजमान देशाचे राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव यांनी तेल आणि वायूला देवाची देणगी म्हटलं. ऊन, वारा, सोनं, तांबं तसंच हेही. ज्यांच्याकडे आहे त्यांना दोष देऊ नका, बाजाराला हवं म्हणून ते बाजारात आणतात. सभागृहात चुळबुळ झाली.

मला राग आला. दुपारी जरा शांत झाल्यावर वाटलं, राग येऊन भागणार नाही. या देशाच्या निर्यातीत तेल आणि वायूचा वाटा सुमारे ९० टक्के आहे. शाळा, दवाखाने, रस्ते त्यावर चालतात. आणि गिऱ्हाईक कोण? २०२२ मध्ये युरोपीय संघाने याच सरकारशी करार केला की २०२७ पर्यंत इथून येणारा वायू वर्षाला २० अब्ज घनमीटरपर्यंत, म्हणजे दुपटीने, वाढवायचा. विकणाऱ्याला नावं ठेवायची आणि विकत घेणाऱ्याने लांबलचक पाइपलाइन टाकायची, हे न्याय्य नाही. पण त्यांचं वाक्यही मला मान्य नाही. देणगी म्हटली की तिचा हिशेब विचारता येत नाही, आणि इथे तर सगळा हिशेबाचाच प्रश्न आहे.

ब्रिटनने २०३५ पर्यंत १९९० च्या तुलनेत उत्सर्जन ८१ टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य आज जाहीर केलं. चीनच्या उपपंतप्रधानांनी सांगितलं की २०१६ पासून त्यांनी इतर विकसनशील देशांसाठी १७७ अब्ज युआन उभे केले. हा आकडा महत्त्वाचा का, तर 'देणारे देश' कोण याची यादी १९९२ सालची आहे. तेव्हाचे श्रीमंत देश तीत आहेत, चीन आणि आखाती देश नाहीत. युरोपला यादी वाढवून हवी आहे. चीन म्हणतो, आम्ही देतो, पण आमच्या मर्जीने. यादीत नाव घालू नका.

१३ नोव्हेंबर, बुधवार

अर्जेंटिनाने आपलं शिष्टमंडळ परत बोलावलं. अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्याला जेमतेम आठवडा झालाय, त्यामुळे बोळात प्रत्येक जण कुजबुजत विचारतो : पुढचं कोण?

ग्लोबल कार्बन बजेटचा, म्हणजे शास्त्रज्ञांच्या वार्षिक उत्सर्जन-हिशेबाचा, अहवाल आला. जीवाश्म इंधनांपासूनचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन यंदा ३७.४ अब्ज टनांवर जाईल, गेल्या वर्षीपेक्षा ०.८ टक्क्यांनी जास्त. १.५ अंशांच्या वाटेवर राहायचं तर सगळ्या हरितगृह वायूंचं एकूण उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४२ टक्क्यांनी खाली यायला हवं. आलेख अजून चढाच आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस पैशांचा. अर्थतज्ज्ञांच्या गटाचा अहवाल आला : चीन वगळता विकसनशील देशांना २०३० पर्यंत दरवर्षी सुमारे १,००० अब्ज डॉलर बाहेरून लागतील, २०३५ पर्यंत सुमारे १,३०० अब्ज.

एवढे आकडे ऐकून डोकं सुन्न होतं. मग दादांनी एका कोपऱ्यात बसवून वहीत गणित मांडलं, आणि मला वाटतं या पंधरा दिवसांत मी शिकले ते सगळ्यांत जास्त त्या पंधरा मिनिटांत.

"सौर प्रकल्पाचा खर्च कधी होतो?"

"सुरुवातीला. एकदाच."

"आणि कोळशाच्या प्रकल्पाचा?"

"थोडा सुरुवातीला, मग रोज कोळसा."

"बरोबर. म्हणजे सौरऊर्जेत सगळं व्याजावर अडतं. १०० रुपये कर्ज काढ, वीस वर्षांत फेड. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ७ रुपये ३६ पैसे. १२ टक्के असेल तर १३ रुपये ३९ पैसे. पॅनेल तेच, ऊन तेच. उलट गरीब देशांत ऊन जास्तच. तरी वीज जवळजवळ दुप्पट महाग पडते, कारण त्या देशाला कर्ज महाग मिळतं."

म्हणजे गरीब देश कोळशाला चिकटून बसतो तो हट्टाने नव्हे. त्याच्या समोर ठेवलेल्या कागदावर कोळसा स्वस्त दिसतो. व्याजदर खाली आणणारं कोणी असेल, धोक्याचा वाटा उचलणारं असेल, काही रक्कम अनुदान म्हणून येत असेल, तर तोच कागद वेगळं उत्तर देतो. तेल सोडण्याची चर्चा एका खोलीत आणि पैशांची दुसऱ्या खोलीत, ही विभागणी मला तेव्हापासून खोटी वाटायला लागली.

आणि हे झालं विजेचं. समुद्राची भिंत बांधली तर ती काही वीज विकत नाही. वादळाआधी इशारा देणारी यंत्रणा कोणाला नफा देत नाही. तिथे खासगी गुंतवणूकदार यायचा नाही आणि कर्ज काढणं म्हणजे बुडत्याने दगड गळ्यात बांधून घेणं. अनुकूलनासाठी, म्हणजे बदललेल्या हवामानाला तोंड देण्यासाठी, अनुदानच हवं, हे आज चार वेगवेगळ्या देशांच्या तोंडून ऐकलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान की-मून, तिथल्या हवामान विभागाच्या माजी प्रमुख क्रिस्टियाना फिगेरेस आणि इतरांचं खुलं पत्र फिरतंय. परिषदांची ही पद्धत आता कामाला पुरी पडत नाही, जे देश जीवाश्म इंधनं सोडायला तयार नाहीत त्यांना यजमानपद देऊ नका, असा सूर. पटलं. पण सभागृहात दोनशेच्या आसपास देश समान हक्काने बसतात अशी दुसरी जागाही मला माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दरवर्षी परिषदेच्या मधल्या शनिवारी लोक रस्त्यावर मोर्चा काढतात. इथे तो नाही. आतल्या सभागृहातच उभं राहायचं, घोषणा नाहीत. मग लोकांनी ओठ मिटून हुंकार धरला. एकाने सुरू केला, शेजारच्याने उचलला. शेकडो माणसं तोंड बंद ठेवून एकच सूर लावून उभी. तानपुऱ्याजवळ बसल्यावर छातीत जाणवतं तसं काहीतरी. मीही सूर धरला आणि दुसऱ्या श्वासाला घसा दाटून आला.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. आज सुराखानीला गेले, एकटीच. तिथल्या आतेशगाहबद्दल, म्हणजे अग्निमंदिराबद्दल, वाचलं होतं, तरी दारात उभं राहिल्यावर जे झालं त्याची तयारी नव्हती.

पंचकोनी आवार. चारही बाजूंनी म्हणावं तर पाचही बाजूंनी दगडी कोठड्या, बुटक्या दारांच्या. मधोमध चार खांबांची छत्री आणि तिच्याखाली ज्योत. सतराव्या-अठराव्या शतकात मुलतान, सिंध, पंजाबकडचे व्यापारी आणि साधू इथे येऊन राहत. जमिनीतून आपोआप वायू झिरपायचा आणि तो जळत राहायचा. त्यांच्यासाठी ती ज्वालादेवी होती.

एका दारावरचा दगड बघायला वाकले आणि अक्षरं वाचता आली. ट्रान्सलेटर नको, गाइड नको. श्री गणेशाय नमः. खाली ज्वालाजीचं नाव आणि संवत् १८०२, म्हणजे इसवी सन १७४५ च्या सुमाराचं. आठवडाभर परक्या लिपीत वावरल्यावर कॅस्पियनच्या काठी कोणीतरी आपल्या लिपीत हाक मारावी तसं झालं. 'श्री'ची वेलांटी थोडी वाकडी आहे. कोरणाऱ्याचा हात थंडीने आखडला असेल किंवा दगडच कठीण असेल. मी बोटाने, न टेकवता, तिच्यावरून रेघ ओढली.

इतर दगडही तसेच : बहुतेक संस्कृत, देवनागरीत, एकदोन गुरुमुखी, एक फारसी. हजारो मैल चालत, उंटावरून, होडीतून माणसं आली ती जमिनीतून निघणाऱ्या या वायूला हात जोडायला.

मग ज्योतीपाशी गेले. तिथल्या तरुण मार्गदर्शक मुलीला विचारलं, ही तेव्हापासून जळतेय का. ती म्हणाली, नाही, ती १९६९ मध्ये विझली. देवळाला लागूनच १८५९ मध्ये केरोसीनचा कारखाना झाला होता. नंतर आजूबाजूच्या जमिनीतून शंभर वर्षं तेल आणि वायू काढत राहिले, तेव्हा आतला दाबच संपला. आता ही ज्योत शहरातून आणलेल्या पाइपच्या वायूवर जळते.

मी बराच वेळ तिथे बसले. ज्योत वाऱ्याने आडवी होत होती, पुन्हा उभी राहत होती. अलियेव म्हणाले होते ती देवाची देणगी इथे खरोखरच देवाची म्हणून पुजली गेली होती. जोवर ती आपोआप येत होती तोवर किती शतकं पुरली! काढायला लागलो तेव्हा शंभर वर्षांत संपली. हे मी कोणाला पटवायला लिहीत नाही. जागेवर बसून जे डोळ्यांसमोर होतं ते हे होतं.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंप.

१८ ते २० नोव्हेंबर

मंत्री आले. रिओला त्याच वेळी जी-२० देशांची बैठक आहे, सगळ्यांचे कान तिकडे. तिथल्या जाहीरनाम्यात हवामानासाठी अब्जांवरून लाखो कोटींकडे जायला हवं असं आलं, पण कोणी किती द्यायचे ते नाही. इथे विकसनशील देशांची मागणी वर्षाला १,३०० अब्जांची आहे. समोरून आकडाच येत नाही. युरोप म्हणतो आधी रचना ठरवू. आफ्रिकी देश म्हणतात, आकड्याशिवाय कसली रचना.

बोळातल्या एका खुर्चीवर पॅसिफिकमधल्या एका बेटराष्ट्राच्या वाटाघाटीकार बाई बूट काढून पाय वर घेऊन कागद वाचत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. बोलता बोलता म्हणाल्या, "एक वादळ आलं की घरं बांधायला कर्ज. ते फिटायच्या आत दुसरं वादळ. आता तर हप्त्यांसाठी कर्ज." नुकसानभरपाईच्या निधीबद्दल विचारलं. २०२२ मध्ये मान्य झाला, २०२३ मध्ये सुरू झाला, आणि आजवर जगभरातून कबूल झालेली रक्कम सुमारे ७० कोटी डॉलर. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत मीठ धरावं तशी खूण केली. पुढे काही बोलल्या नाहीत, पुन्हा कागदात डोकं घातलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे मसुदा आला. गेल्या आठवड्यात तीसच्या वर पानं होती, आता दहा. छापील प्रत हातात घेऊन मी आकडा शोधत गेले. दोन पर्याय. पहिला : विकसित देश विकसनशील देशांना दरवर्षी देतील. दुसरा : सर्व स्रोतांतून, जगभरातून, २०३५ पर्यंत उभारले जातील. आणि दोन्ही ठिकाणी, जिथे आकडा असायला हवा तिथे, चौकोनी कंसात एक 'एक्स'.

त्या कंसाकडे बघत राहिले. आतली जागा रिकामी नाही, तिथे अक्षर आहे. पण त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. वाटाघाटींत चौकोनी कंस म्हणजे 'अजून मान्य नाही' अशी खूण. एखाद्या बेटाचं पुढचं शतक, एखाद्या देशाच्या वीजघरांचं भवितव्य त्या दोन उभ्या रेघांमध्ये अडकलेलं.

दादांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक्स सोड. तो भरतील. वरचं क्रियापद बघ. 'देतील' आणि 'उभारले जातील'. दुसऱ्यात कर्ताच नाही."

मराठीत कर्मणी प्रयोग शिकताना बाई सांगायच्या, करणारा लपवायचा असेल तर हा प्रयोग वापरा. इतक्या वर्षांनी ते वाक्य इथे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज संध्याकाळी परिषद संपायची होती. दुपारी नवा मसुदा आला आणि एक्सच्या जागी वर्षाला २५० अब्ज. तेही २०३५ पर्यंत, आणि सरकारी, खासगी, बँकांकडून, सगळीकडून मिळून.

पत्रकार धावत सुटले. कोणीतरी मोठ्याने "नाही!" म्हटलेलं ऐकलं. मी कागदाच्या मागे हिशेब केला. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर २०३५ मधल्या २५० अब्जांची आजची किंमत दीडशे अब्जांच्याही खाली जाते. सध्याचे १०० अब्ज आधीच ओलांडलेले आहेत, २०२२ मध्ये ११५.९ अब्ज झाले होते. म्हणजे अकरा वर्षांत खरी वाढ किती? सर्वांत गरीब देशांच्या गटाने स्वतःसाठी किमान २२० अब्ज मागितले होते, छोट्या बेटांनी ३९. या दोघांचीच बेरीज २५९ होते.

रात्री उशिरापर्यंत थांबलो. काही नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

परिषद वेळ उलटून चालली आहे. सकाळपासून दालनं मोडायला सुरुवात झाली. आपण निर्णयाची वाट बघतोय आणि कामगार भिंती काढून नेतायत. विमानं गाठायची म्हणून गरीब देशांचे प्रतिनिधी निघून जातात. मोठ्या देशांकडे माणसं भरपूर असतात, ती शेवटपर्यंत बसतात. दादा म्हणाले, दर वेळी असंच होतं.

दुपारी बंद दार उघडलं आणि सर्वांत गरीब देशांचा आणि छोट्या बेटांचा गट उठून बाहेर आला. पुढे सामोआचे सेड्रिक शुस्टर, मलावीचे इव्हान्स न्जेवा. आमचं कोणी ऐकूनच घेत नाही, आम्हाला विचारलंच गेलं नाही, असं ते म्हणत होते. त्या बाईही त्यांत होत्या. चेहरा दगडासारखा. माझ्या समोरून गेल्या तेव्हा मी नुसती मान हलवली, त्यांनीही.

पण ते परिषद सोडून गेले नाहीत, काही तासांनी पुन्हा आत गेले. बाहेर राहिलं तर जे ठरेल ते आपल्यावाचून ठरेल, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार, पहाट

अडीच वाजून गेल्यावर अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी पैशांचा ठराव वाचला आणि वर न बघता हातोडा आपटला. ३०० अब्ज. टाळ्या, मिठ्या. काही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर भारताच्या चांदनी रैना बोलायला उठल्या. आम्हाला बोलायचं होतं, ते न ऐकताच ठराव मंजूर केलात, असं त्यांनी सांगितलं. हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रमापलीकडे काही नाही, असं त्या म्हणाल्या. सभागृहाच्या एका बाजूने टाळ्या सुरू झाल्या त्या वाढत गेल्या. नायजेरिया, बोलिव्हिया, क्युबा यांनीही आक्षेप घेतले. पण हातोडा पडला की पडला.

भारताच्या त्या शब्दांचा मला अभिमान वाटला. त्याच वेळी हेही मनात येऊन गेलं की दुबईतलं ते वाक्य, जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचं, यंदा पुन्हा लिहिलंच गेलं नाही. सौदी अरेबियाने ते अडवलं हे उघड होतं. पण ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांनीही त्यासाठी जीव टाकला नाही. पाठपुराव्याचा मसुदा पुढच्या जूनवर, जर्मनीतल्या बॉनच्या बैठकीवर ढकलला गेला. पैसा नाही तर वाक्य नाही, हे दोन्ही बाजूंनी खरं ठरलं.

मी ठरावाची प्रत उघडली आणि दादांच्या सांगण्याप्रमाणे आकडे सोडून क्रियापदांखाली रेघा मारत गेले. परिच्छेद ७ मध्ये १,३०० अब्ज आहेत. क्रियापद : सर्वांना एकत्र काम करण्याचं 'आवाहन करते'. परिच्छेद ८ मध्ये ३०० अब्ज. क्रियापद : विकसित देशांच्या पुढाकाराने उद्दिष्ट 'ठरवते'. पुढाकार घेतील, पण कोणी किती, कर्ज किती, अनुदान किती, ते नाही. 'देतील' हा शब्द गुरुवारच्या पानावर होता, तो आजच्या या परिच्छेदांत सापडला नाही. १,३०० अब्जांपर्यंत कसं पोहोचायचं त्याचा आराखडा पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या बेलेंच्या परिषदेपर्यंत करायचाय, त्याला नावही दिलंय, 'बाकू ते बेलें'.

साडेपाचच्या सुमाराला सगळं आटोपलं. बाहेर झोंबरं वारं आणि बसची रांग. त्या बाई माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभ्या होत्या, खांद्यावर कागदांची पिशवी. घरी पोहोचायला त्यांना चार विमानं बदलायची आहेत. मी विचारलं, आता काय? त्यांनी माझ्या हातातली प्रत घेतली, पेन मागितलं आणि परिच्छेद ८ च्या समासात एक लहान बाण काढून लिहिलं : जून, बॉन. मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि विचारलं, "तुम्ही येताय ना?"

दादांनी माझ्या आधीच हो म्हटलं.